अपस्मार आणि वाहनबंदी : नियम, दळणवळण व दैनंदिन जीवन

सारांश :

अपस्मार हा मेंदूशी निगडित विकार असून योग्य औषधोपचाराने बहुसंख्य रुग्णांचे झटके आटोक्यात येऊ शकतात. तथापि झटके येत असण्याच्या काळात वाहन चालवणे रुग्णाच्या तसेच इतरांच्याही जिवावर बेतू शकते. त्यामुळे जगभर अशा व्यक्तींच्या वाहनपरवान्यावर कमी-अधिक निर्बंध आहेत. प्रस्तुत लेखात या निर्बंधांमागील वैद्यकीय कारण, भारतीय कायद्यातील तरतूद, इतर देशांनी स्वीकारलेले कालमर्यादेचे तत्त्व आणि महाराष्ट्रातील वाहनाविना जगण्याचे वास्तव यांचे विवेचन केले आहे. बंदीला मुदत आणि पर्याय यांची जोड नसेल, तर तिच्यातून सुरक्षिततेऐवजी लपवाछपवी वाढीस लागते, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजशब्द : अपस्मार, वाहनपरवाना, मोटार वाहन अधिनियम, सार्वजनिक वाहतूक, अवलंबन, महाविद्यालयीन व्यवस्था.

१. प्रस्तावना :

अपस्मार हा शब्द आपल्याकडे नवा नाही. चरकसंहितेत या विकाराचे स्वतंत्र विवेचन आढळते आणि 'स्मृती हरपणे' हा अर्थ त्या नावातच सामावलेला आहे. बोलीभाषेत त्याला आकडी, फेफरे, मिरगी, फीट अशी नावे आहेत. झटका आलेल्या माणसाला कांदा किंवा चप्पल हुंगवण्याची प्रथा अद्याप पुरती गेलेली नाही. या विकाराविषयी आपल्याकडे जे लेखन होते, ते प्रामुख्याने औषधोपचार, अंधश्रद्धा आणि विवाह या तीन विषयांभोवती फिरते. निदान झालेल्या व्यक्तीच्या आयुष्यात पहिल्याच आठवड्यात उभा राहणारा एक प्रश्न मात्र बहुधा दुर्लक्षित राहतो. तो म्हणजे, 'उद्यापासून कामावर जायचे कसे?'

मेंदूविकारतज्ज्ञ औषधाची चिठ्ठी लिहून देतात आणि त्याबरोबरच गाडी न चालवण्याचा सल्ला देतात. औषध गावातल्या दुकानात मिळते. सल्ला पाळण्याची सोय मात्र गावात असतेच असे नाही. वरवर पाहता हा सोयी-गैरसोयीचा प्रश्न वाटतो. प्रत्यक्षात तो रोजगार, प्रतिष्ठा, कौटुंबिक संबंध आणि कायद्याविषयीची विश्वासार्हता यांच्याशी निगडित आहे. म्हणूनच वैद्यकशास्त्र, विधी आणि समाजशास्त्र या तिन्ही अंगांनी त्याचा विचार होणे आवश्यक ठरते.

२. अपस्माराचे स्वरूप :

मेंदूतील चेतापेशी सूक्ष्म विद्युत्संदेशांद्वारे परस्परांशी संपर्क साधतात. या पेशींचा एखादा समूह अकस्मात, अनियंत्रितपणे आणि एकाच वेळी उद्दीपित झाला म्हणजे झटका येतो. असा प्रत्येक झटका म्हणजे अपस्मार नव्हे. तीव्र ताप, रक्तातील साखर एकाएकी घटणे, मद्य अचानक सोडणे अशा तात्कालिक कारणांनीही झटका येऊ शकतो. आंतरराष्ट्रीय अपस्मारविरोधी संघाने २०१४ साली केलेल्या व्याख्येनुसार, अशा तात्कालिक कारणाविना चोवीस तासांहून अधिक अंतराने किमान दोन झटके आले, किंवा एकच झटका आला परंतु पुढील दहा वर्षांत पुन्हा झटका येण्याची शक्यता सुमारे ६० टक्के वा त्याहून अधिक असेल, तर त्यास अपस्मार म्हणतात.

झटक्यांचे प्रकार अनेक आहेत. सर्वांग ताठ होऊन हातपाय झाडणे, तोंडातून फेस येणे हे दृश्य सर्वांच्या परिचयाचे असते. परंतु काही झटक्यांत मनुष्य पडतही नाही. तो काही क्षण शून्यात पाहत राहतो, ओठ चाटतो, कपड्याशी चाळा करतो आणि पुन्हा भानावर येतो. आसपासच्यांना हे केवळ 'तंद्री लागणे' वाटते. वाहनाच्या संदर्भात हे न दिसणारे झटकेही तितकेच घातक असतात, हे ध्यानात घेणे अगत्याचे आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते जगात सुमारे ५ कोटी लोकांना अपस्मार असून त्यांपैकी जवळपास ८० टक्के लोक अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांत राहतात. योग्य निदान व उपचार झाल्यास ७० टक्क्यांपर्यंत रुग्ण झटक्यांविना जगू शकतात, असेही ही संघटना नमूद करते. म्हणजेच 'अपस्मार असणे' आणि 'झटके येत असणे' या दोन भिन्न अवस्था आहेत. पुढील सर्व विवेचन या एका भेदावर आधारलेले आहे.

३. झटका आणि वाहन : धोक्याचे नेमके स्वरूप

ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन एका सेकंदात सुमारे १४ मीटर अंतर कापते. भान हरपण्याचा कालावधी केवळ दहा सेकंदांचा धरला, तरी तेवढ्या वेळात ते वाहन चालकाविना सुमारे १४० मीटर पुढे गेलेले असते. दुचाकीच्या बाबतीत तोल जाण्यास दहा सेकंदही लागत नाहीत. काही रुग्णांना झटक्यापूर्वी पूर्वसूचना मिळते. पोटातून काहीतरी वर आल्याची जाणीव, विचित्र वास किंवा अकारण भीती असे तिचे स्वरूप असते. परंतु ही सूचना दर वेळी मिळेलच, आणि गाडी बाजूला घेण्याइतका अवधी देईलच, याची शाश्वती नसते.

धोका सर्वकाळ सारखा नसतो, हेही तितकेच खरे आहे. अमेरिकेतील मेंदूविकारतज्ज्ञांच्या संघटनांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, प्रौढ व्यक्तीस कारणाविना पहिला झटका आल्यानंतर तो पुन्हा येण्याची शक्यता पहिल्या दोन वर्षांत २१ ते ४५ टक्के इतकी असते आणि पहिल्या वर्षी ती सर्वाधिक असते. झटक्याविना जितका काळ लोटतो, तितकी ही शक्यता घटत जाते. याउलट औषधाची मात्रा चुकणे, जागरण, अतिश्रम व मद्यपान यांमुळे ती वाढते. गणेशोत्सवातील रात्रभराचे जागरण, किंवा उपवासाच्या दिवशी औषधही न घेण्याची चूक यांसारख्या नेहमीच्या गोष्टी यादृष्टीने महत्त्वाच्या ठरतात.

या धोक्याकडे प्रमाणबद्ध दृष्टीनेही पाहावयास हवे. केंद्र शासनाच्या अहवालानुसार २०२२ साली भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ व्यक्तींचा मृत्यू झाला. त्यांपैकी सुमारे ७१ टक्के मृत्यूंच्या मुळाशी अतिवेग हे कारण नोंदवले गेले. मृतांपैकी सुमारे ४४ टक्के दुचाकीस्वार होते. अपस्माराच्या रुग्णाला रस्त्यावरील सर्वांत मोठा धोका समजणे या चित्राशी विसंगत आहे. मात्र ज्याचे झटके आटोक्यात आलेले नाहीत, त्याने गाडी चालवू नये, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही.

४. भारतीय कायद्यातील तरतूद :

वाहनपरवान्याचा अर्ज करताना प्रत्येक व्यक्तीस शारीरिक पात्रतेविषयी स्वयंघोषणा करावी लागते. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नमुना १ मध्ये अर्जदारास अपस्मार आहे काय, किंवा कोणत्याही कारणाने अकस्मात बेशुद्ध पडण्याचा वा भोवळ येण्याचा त्रास आहे काय, अशा आशयाचा प्रश्न विचारलेला आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ८ अन्वये, ज्या विकारामुळे अर्जदाराचे वाहन चालवणे जनतेस धोकादायक ठरू शकते, असा विकार आढळल्यास शिकाऊ परवाना नाकारण्यात येतो. कलम १६ अन्वये आधी दिलेला परवानाही विकाराच्या कारणावरून रद्द करता येतो किंवा वैद्यकीय प्रमाणपत्र मागता येते. आपल्या विकारामुळे आपले वाहन चालवणे धोकादायक आहे, हे ठाऊक असूनही वाहन चालवणे कलम १८६ अन्वये शिक्षेस पात्र आहे.

या तरतुदींचा हेतू रास्त आहे. उणीव आहे ती प्रश्नाच्या रचनेत. 'अपस्मार आहे काय?' या प्रश्नाला काळाचे परिमाण नाही. गेल्या महिन्यात झटका आलेला तरुण आणि बालपणी आलेल्या झटक्यांनंतर वीस वर्षे निर्धोक जगलेली शिक्षिका, या दोघांपुढे एकच चौकट ठेवली जाते. अर्जात अधिक तपशील देण्याची मुभा आहे. परंतु किती काळ झटका न आल्यास परवाना द्यावा, याची निश्चित मुदत या नियमांत घालून दिलेली नाही. परिणामी खरे उत्तर देणाऱ्यास आपल्यापुढे कोणता मार्ग उरतो हे समजत नाही, आणि खोटे उत्तर देणाऱ्याचे काम एका खुणेसरशी होऊन जाते. प्रामाणिक मनुष्य अडतो आणि लपवणारा सुटतो, अशी ही विचित्र स्थिती आहे.

या संदर्भात एक बारकावा नोंदवण्याजोगा आहे. २५० वॅटपर्यंत शक्तीच्या व ताशी २५ किलोमीटरपर्यंत वेग असलेल्या विजेवरील दुचाकीस नियमानुसार परवाना लागत नाही. त्यामुळे परवाना नसलेल्या अपस्मारग्रस्त व्यक्तीस ती कायद्याने वर्ज्य ठरत नाही. पण परवान्याची गरज नाही, एवढ्यावरून धोका नाही असे होत नाही. वर्दळीच्या रस्त्यावर तोल गेल्यास मागून येणारा ट्रक वाहनाची वॅटशक्ती विचारात घेत नाही. सायकलीलाही हेच लागू पडते.

५. कालमर्यादेचे तत्त्व : ब्रिटनचा अनुभव

ब्रिटनमध्ये १९३० च्या वाहतूक कायद्यान्वये अपस्माराच्या रुग्णांना वाहन चालवण्यास सरसकट मनाई होती. १९७० पासून ती शिथिल झाली आणि तीन वर्षे झटका न आल्यास परवाना मिळू लागला. पुढे ही मुदत दोन वर्षांवर आणि १९९४ पासून एका वर्षावर आली. मोटार व दुचाकीसाठी आज तेथे साधारणपणे बारा महिने झटक्याविना जाणे पुरेसे मानले जाते. बस व मालट्रकसारख्या वाहनांसाठी मात्र औषधांविना व झटक्याविना दहा वर्षे जावी लागतात. केवळ झोपेतच झटके येणाऱ्यांसाठी स्वतंत्र तरतूद आहे. युरोपीय संघानेही २००९ च्या निर्देशाद्वारे खासगी वाहनांसाठी एक वर्षाचे तत्त्व स्वीकारले. अमेरिकेत राज्यागणिक ही मुदत वेगळी आहे.

या अनुभवातून दोन बोध होतात. पहिला असा की, मुदत ठरली म्हणजे बंदी ही शिक्षा न राहता प्रतीक्षा होते. रुग्णाला औषध नियमित घेण्यास एक ठोस कारण मिळते आणि झटका आल्यास तो डॉक्टरांपासून लपवण्याऐवजी मुदत पुन्हा मोजण्याची तयारी ठेवतो. अर्थात मुदत संपत आलेली असताना झटका लपवण्याचा मोह तेथेही संभवतो. परंतु संपूर्ण आयुष्य लपवण्यापेक्षा तो निश्चितच मर्यादित आहे.

दुसरा बोध अधिक महत्त्वाचा आहे. इंग्लंडमध्ये वैद्यकीय कारणावरून ज्यांना वाहनपरवाना नाकारला जाईल, अशा व्यक्ती स्थानिक बसच्या मोफत प्रवास पासला पात्र ठरतात. परवाना घेणारे शासनच बसचा पास देते. येथे बंदी आणि पर्याय ही एकाच धोरणाची दोन अंगे आहेत.

वैद्यकशास्त्र पुढे गेल्यावर कायदा बदलतो, याचे उदाहरण आपल्याकडेही आहे. हिंदू विवाह अधिनियम, १९५५ मध्ये विवाहाच्या अटींत वेडेपणाबरोबर अपस्माराचाही उल्लेख होता. १९९९ च्या दुरुस्तीने तो वगळण्यात आला. विवाहाच्या क्षेत्रात जे सुमारे पाव शतकापूर्वी घडले, ते दळणवळणाच्या क्षेत्रात व्हावयाचे आहे.

६. वाहनाविना जीवन : महाराष्ट्रातील वास्तव

(अ) शहर आणि तालुका :
दादरला राहून फोर्टमध्ये नोकरी करणाऱ्या व्यक्तीस गाडी चालवता येत नाही, हे तिच्या सहकाऱ्यांना वर्षानुवर्षे कळतही नाही. लोकल, बेस्टची बस आणि मेट्रो यांवर तिचे जीवन सुरळीत चालते. तेथे गाडी न चालवणे ही सर्वसामान्य बाब आहे. तीच व्यक्ती बदली होऊन एखाद्या तालुक्याच्या गावी गेली, तर तिचा आजार न वाढताही तिची अडचण अनेक पटींनी वाढते. सकाळची एक एसटी, दुपारची एक, आणि मुक्कामाची एक, असे वेळापत्रक असलेल्या गावात दुचाकी हाच माणसाचा पाय असतो. पश्चिम महाराष्ट्रात वडाप, विदर्भ-मराठवाड्यात काळी-पिवळी यांनी ही पोकळी काही अंशी भरून काढली आहे. पण ही वाहने माणसे भरल्याशिवाय निघत नाहीत आणि अंधार पडल्यावर सहसा मिळत नाहीत. गोव्यात भाड्याने दुचाकीवरून नेणाऱ्या 'पायलट'ची सोय आहे. परंतु मागे बसणाऱ्यास झटका आल्यास तोही पडू शकतो, ही मर्यादा तेथेही उरतेच.

यावरून असे दिसते की, अपस्मारामुळे येणारी असमर्थता केवळ मेंदूत नसते. तिचा मोठा भाग बसथांब्यावर असतो. आजार तोच असूनही एका ठिकाणी तो जवळजवळ अदृश्य राहतो आणि दुसऱ्या ठिकाणी नोकरी हिरावून घेतो.

राज्य परिवहनाची पहिली बस १ जून १९४८ रोजी अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) ते पुणे या मार्गावर धावली. तेव्हापासून एसटी हा ग्रामीण महाराष्ट्राचा आधार राहिला आहे. ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस सुरू झालेला एसटी कर्मचाऱ्यांचा संप एप्रिल २०२२ पर्यंत लांबला. कर्मचाऱ्यांच्या मागण्यांचा विचार येथे अप्रस्तुत आहे. परंतु त्या काळात ज्यांना स्वतःचे वाहन काढता आले त्यांनी ते काढले. ज्यांना ते कोणत्याही परिस्थितीत चालवता येत नाही, त्यांच्यापुढे पर्यायच उरला नाही. सार्वजनिक वाहतूक खंडित होणे ही इतरांसाठी गैरसोय असते, तर या वर्गासाठी ती घरबंदी ठरते.

(आ) रोजगार :
स्थानिक वृत्तपत्रांतील नोकरीच्या छोट्या जाहिरातींत 'स्वतःची दुचाकी व लायसन्स आवश्यक' ही अट सर्रास आढळते. औषधविक्री प्रतिनिधी, वसुली कर्मचारी, घरपोच सेवा देणारे तरुण यांच्या बाबतीत ती कामाचा भागच असते. पण कार्यालयीन कामासाठीही ती सवयीने घातली जाते. ट्रक, रिक्षा वा ट्रॅक्टर चालवून पोट भरणाऱ्यास निदान होते, तेव्हा रोजगार आणि आजार यांपैकी एक लपवणे त्याला भाग पडते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या अनुसूचीत २१ प्रकार समाविष्ट आहेत. त्यांत दीर्घकालीन चेताविकारांखाली मल्टिपल स्क्लेरोसिस व पार्किन्सन यांचा उल्लेख आहे, अपस्माराचा स्वतंत्र उल्लेख नाही. त्यामुळे सेवाकाळात दिव्यांगत्व आलेल्या शासकीय कर्मचाऱ्यास पर्यायी पद देण्याच्या तरतुदीचा लाभ अशा चालकास केवळ निदानाच्या आधारे सहजासहजी मागता येत नाही.

(इ) स्त्री-पुरुष भेद :
ग्रामीण तरुणाच्या दृष्टीने मोटारसायकल हे वाहनाबरोबरच पौरुषाचे चिन्ह असते. जो तरुण बहिणीच्या वा मित्राच्या मागे बसून बाजारात येतो, त्याला टोमणे सहन करावे लागतात. विवाह जुळवताना त्याची चौकशी होते. स्त्रीच्या बाबतीत चित्र निराळे आहे. ती गाडी चालवत नाही, याचे कोणाला आश्चर्य वाटत नाही, म्हणून तिची अडचण नोंदलीही जात नाही. प्रत्यक्षात स्कूटीने गेल्या दोन-तीन दशकांत मराठी स्त्रीला जे स्वातंत्र्य दिले, त्यापासून ती वंचित राहते. 'कोणीतरी सोडायला येईल' या वाक्यावर तिचा दिवस अवलंबून राहतो. मार्च २०२३ मध्ये एसटी प्रवासात महिलांना निम्म्या भाड्याची सवलत सुरू झाली. अपस्मारग्रस्त स्त्रीला तिचा लाभ स्त्री म्हणून मिळाला, गाडी चालवता न येणारी व्यक्ती म्हणून नव्हे. त्याच आजाराच्या पुरुषास तो नाही.

मुलींच्या शिक्षणासाठी मानव विकास कार्यक्रमातून दिल्या जाणाऱ्या सायकली व बसगाड्या ही स्तुत्य योजना आहे. परंतु झटके येणाऱ्या मुलीस सायकल देणे हिताचे नाही, तिच्यासाठी बसची जागा राखणे हिताचे आहे, इतका विवेक अंमलबजावणीत असावयास हवा.

(ई) नात्यांतील अवलंबन :
वाहन न चालवणाऱ्या व्यक्तीस रोज कोणाला तरी विनंती करावी लागते. प्रारंभी घरचे आनंदाने सोडतात व आणतात. वर्षभराने त्याच सेवेचा उल्लेख भांडणात होऊ लागतो. रुग्णास आपण ओझे झाल्याची भावना ग्रासते आणि तो बाहेर पडणेच कमी करतो. समारंभ, व्याख्याने, मित्रमंडळी हळूहळू सुटत जातात. झटक्यापेक्षा हे आक्रसणे अधिक काळ टिकते.

७. जुळवून घेण्याचे मार्ग :

वाहनाविना स्वावलंबी जीवन जगणाऱ्या व्यक्तींच्या दिनक्रमात काही समान सूत्रे आढळतात.

१) निवासाची निवड : घरभाडे काहीसे अधिक पडले तरी कामाच्या ठिकाणापासून चालत जाण्याच्या अंतरावर किंवा बसमार्गावर घर घेणे दीर्घकाळात परवडते. दुचाकीची किंमत, इंधन व विमा यांची बचत या हिशेबात धरावी.

२) देवाणघेवाणीचा सहप्रवास : सहकाऱ्याच्या मोटारीतून रोज फुकट जाण्यापेक्षा इंधनाचा वाटा ठरवून देणे उभयतांच्या दृष्टीने सन्मानाचे ठरते. उपकाराची जागा व्यवहार घेतो आणि मैत्री टिकते.

३) प्रवासातील दक्षता : बसमध्ये दरवाजाजवळची जागा टाळावी, लोकलच्या दारात उभे राहू नये, फलाटाच्या कडेपासून दूर थांबावे, रेल्वेत खालचा बर्थ घ्यावा. रात्रीच्या प्रवासाने झोप मोडत असेल, तर दिवसाची गाडी पत्करावी. औषधाचे एक-दोन दिवसांचे अधिक डोस जवळ बाळगावेत.

४) ओळखचिठ्ठी : आजाराचे नाव, चालू औषधे व नातेवाइकाचा दूरध्वनी क्रमांक लिहिलेली चिठ्ठी खिशात असावी.

५) सहप्रवाशांचे साहाय्य : झटका आल्यास व्यक्तीस कुशीवर वळवावे, डोक्याखाली मऊ वस्तू ठेवावी, गळ्याभोवतीचे कपडे सैल करावेत व वेळ मोजावी. तोंडात चमचा, पाणी वा बोट घालू नये. झटका पाच मिनिटांहून अधिक टिकल्यास तातडीने रुग्णालयात न्यावे.

एकमेकांच्या अनुभवांतून मिळणारे बळही मोलाचे असते. पुण्यातील संवेदना फाउंडेशनसारखे स्वमदत गट अपस्मारग्रस्तांना एकत्र आणण्याचे कार्य करीत आहेत. १७ नोव्हेंबर हा राष्ट्रीय अपस्मार दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशीच्या व्याख्यानांत दळणवळणाच्या प्रश्नालाही स्थान मिळणे योग्य ठरेल.

८. महाविद्यालयांची भूमिका :

उच्च शिक्षणाच्या क्षेत्रात हा प्रश्न दूरचा नाही. तासिका तत्त्वावर काम करणारे अनेक अध्यापक एकाच दिवशी दोन महाविद्यालयांत शिकवतात. सकाळचे वर्ग एका गावी आणि दुपारचे तीस किलोमीटर दूर, ही कसरत दुचाकीशिवाय अशक्यप्राय असते. अशा अध्यापकास झटका आला, तर तो विभागप्रमुखांना सांगेल की लपवून दुसऱ्या दिवशी पुन्हा किक मारेल, हे त्याच्या नैतिकतेपेक्षा वेळापत्रकाच्या लवचिकतेवर अवलंबून असते. वेळापत्रक बसच्या वेळेशी जुळवून देणे, सलग तास देणे यांस कोणताही निधी लागत नाही.

परीक्षांच्या काळात बहिःस्थ पर्यवेक्षक, भरारी पथक वा मूल्यमापन केंद्रावरील नियुक्ती करताना जवळचे केंद्र देता येते. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरास स्वयंसेवक स्वतःच्या दुचाक्यांनी जात असतील, तर एखादा विद्यार्थी गाडी चालवण्यास नकार का देतो, याची जाहीर चौकशी होऊ नये. अनुपस्थितीचे कारण एसटी चुकणे हे असेल, तर ते आळसाचे लक्षण समजण्यापूर्वी खासगीत विचारपूस व्हावी. विद्यार्थ्याने विश्वासाने सांगितलेली माहिती शिक्षक-कक्षातील चर्चेचा विषय होऊ नये, हे तर सांगावयास नको. एकदा ती फुटली, की पुढचा विद्यार्थी तोंड उघडत नाही.

विधी, समाजशास्त्र, भूगोल व अर्थशास्त्र या विभागांना येथे संशोधनासही वाव आहे. एखाद्या तालुक्यातील बसफेऱ्या आणि तेथील दीर्घकालीन रुग्णांची उपस्थिती वा रोजगार यांचा परस्परसंबंध तपासणे पदव्युत्तर प्रकल्पाच्या आवाक्यातील काम आहे.

९. निष्कर्ष :

१) अपस्मार असणे आणि झटके येत असणे या भिन्न अवस्था आहेत. वाहनविषयक निर्बंध दुसऱ्या अवस्थेला लागू असावेत.

२) झटके आटोक्यात नसताना वाहन न चालवणे हे रुग्णाचे समाजाप्रति कर्तव्य आहे. मात्र त्या कर्तव्याची संपूर्ण किंमत एकट्या रुग्णाने मोजावी, हे न्याय्य नाही.

३) भारतीय नियमांत झटक्याविना गेलेल्या कालावधीची निश्चित मुदत नमूद नसल्याने प्रामाणिक घोषणेस प्रोत्साहन मिळत नाही. खासगी व व्यावसायिक वाहनांसाठी स्वतंत्र मुदती घालून देणे इष्ट ठरेल.

४) वैद्यकीय कारणास्तव वाहन चालवण्यास अपात्र ठरलेल्या व्यक्तीस, अपात्रतेच्या काळापुरती का होईना, सार्वजनिक वाहतुकीत सवलत मिळावी.

५) वाहनाविना जगण्यातील अडचण सार्वजनिक वाहतुकीच्या उपलब्धतेनुसार बदलते. म्हणून ग्रामीण बससेवा हा आरोग्यसेवेचाही एक घटक मानला जावा.

१०. समारोप :

जागतिक आरोग्य परिषदेने मे २०२२ मध्ये अपस्मार व इतर चेताविकारांसाठी २०२२ ते २०३१ या काळाचा आंतरक्षेत्रीय कृती आराखडा संमत केला. 'आंतरक्षेत्रीय' या शब्दात या प्रश्नाचे मर्म आहे. अपस्माराच्या रुग्णाचे जीवन आरोग्य विभागाइतकेच परिवहन विभाग, शिक्षणसंस्था आणि नोकरी देणारे आस्थापन यांच्या हाती असते. गोळीने झटका थांबतो, पण कामावर पोहोचण्यासाठी बस यावी लागते. 'गाडी चालवू नका' हे वाक्य डॉक्टरांनी उच्चारल्यानंतर 'मग जायचे कसे?' या प्रश्नाचे उत्तर देण्याची जबाबदारी समाजाने स्वीकारली, तर अर्जातील त्या चौकटीत खरी खूण करण्यास कोणी कचरणार नाही. त्यातच रुग्णाचे आणि रस्त्यावरील प्रत्येकाचे हित सामावलेले आहे.